कोळंबीची शेती आणि तिचे बियाणे

कोळंबीच्या शेतीवर आम्ही बोलणार आहोत हे कळल्यावर एका मित्राने विचारले, "शेती म्हणता, तर मग पेरता काय?" प्रश्न थट्टेचा होता. परंतु या विषयातली सारी अडचण त्या एका प्रश्नात आहे, हे त्या गृहस्थांस ठाऊक नव्हते. ज्वारी पेरावयाची तर गेल्या सालच्या कणसातले टपोरे दाणे राखून ठेवता येतात. कोंबड्या वाढवावयाच्या तर खुराड्यातलीच खुडूक कोंबडी अंड्यांवर बसविता येते. वाघी कोळंबीचा शेतकरी मात्र कित्येक वर्षे पीक तळ्यात काढीत होता आणि त्या पिकाची आई समुद्रातून धरून आणीत होता. तळ्यात वाढलेल्या कोळंबीपासून पुढची पिढी घ्यावी, ती निवडावी, सुधारावी, हे शेतीचे पहिले लक्षण. तेच येथे नव्हते. त्या उणिवेची किंमत किती मोजावी लागली, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे. ज्यांच्या घरी मासे शिजत नाहीत त्यांनी कंटाळू नये. रानटी प्राणी पाळीव कसा होतो, हा प्रश्न चुलीपुरता नाही.

कोळंबी हा मासा नव्हे. ती खेकडा आणि शेवंड यांच्या गोत्रातली. बोटभर करंदीपासून वीतभर मोठ्या कोळंबीपर्यंत तिच्या अनेक जाती आपल्या किनाऱ्यावर मिळतात. त्यांत वाघी कोळंबी आकाराने सर्वांत थोर. अंगावर काळपट आडवे पट्टे, म्हणून हे नाव. पूर्ण वाढलेली मादी फूटभर लांबीची भरू शकते. फाब्रिसियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७९८ मध्ये तिला 'मोनोडॉन' हे शास्त्रीय नाव दिले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा संचार आहे. आपल्या देशात ती पश्चिम किनाऱ्यापेक्षा पूर्व किनाऱ्यावर अधिक सापडते.

तिचे आयुष्य दोन घरांत जाते. अंडी घालावयाची ती किनाऱ्यापासून दूर, खोल आणि चांगल्या खाऱ्या पाण्यात. अंडी फुटून निघालेली पिले पाण्याबरोबर वाहत, रूपे पालटत दोन-तीन आठवड्यांनी किनाऱ्याला लागतात आणि भरतीवर स्वार होऊन खाडीत शिरतात. तिवरांच्या मुळांशी, निमखाऱ्या पाण्यात त्यांचे बाळपण जाते. तेथे खाणे पुष्कळ आणि लपावयास जागा पुष्कळ. काही महिन्यांनी अंगाने भरली की ती पुन्हा समुद्राची वाट धरतात. एक मादी एका वेळी काही लाख अंडी घालते. हा आकडा ऐकून पुष्कळांना वाटते की मग कमतरता कसली? परंतु समुद्रातली कोळंबी वर्षानुवर्षे साधारण तेवढीच राहते, याचा अर्थ असा की एका मादीच्या आयुष्यभराच्या साऱ्या अंड्यांपैकी सरासरीने दोनच पिले मोठी होऊन आईबापांची जागा घेतात. बाकीची कोणाच्या तरी पोटात जातात. कोळंबीच्या शेतीचे सारे गणित या वाया जाणाऱ्या लाखांवर उभे आहे. त्यांतली शेकडा तीस-चाळीस जरी वाचविता आली तरी तळी भरून जातील.

पूर्वीच्या लोकांनी हे वाचविण्याचा सोपा मार्ग शोधला होता : समुद्र जे आणून देतो ते अडवून धरावयाचे. केरळात वैपीन बेटाच्या आसपास 'पोक्काळी' या खारवट भाताची शेते आहेत. पावसाळ्यात भात, आणि तो कापला की नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत त्याच वाफ्यांत भरतीचे पाणी घेऊन कोळंबी. बंगालमध्ये यालाच 'भेरी' म्हणतात. गोव्यातली आणि आपल्या कोकणातली खाजणेही याच जातीची. बांधाला लाकडी दार असते. गोव्यात त्याला 'मानस' म्हणतात, आपल्याकडे 'उघाडी'. भरतीला दार उघडले की पाण्याबरोबर पिले आत येतात. ओहोटीला दाराशी जाळे लावले की मोठी झालेली कोळंबी त्यात सापडते. खर्च जवळजवळ नाही. परंतु पिलांबरोबर त्यांना खाणारे मासेही आत येतात, आणि येणाऱ्या पिलांत वाघी कोळंबी क्वचित. समुद्राने जे दिले ते घ्यावयाचे. निवड करावयाची सोय नाही.

निवड हवी तर अंडी आपल्या देखरेखीखाली उबवावयास हवीत. ते प्रथम साधले जपानात, आणि तेही वाघी कोळंबीवर नव्हे, तिच्या 'कुरुमा' नावाच्या जातबहिणीवर. फुजिनागा मोतोसाकू या शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात अंड्यांनी भरलेल्या माद्या समुद्रातून आणून टाक्यांत ठेवल्या. अंडी मिळाली, फुटलीही. परंतु पिले पुरी वाढेनात. अंड्यातून निघालेले पहिले रूप, ज्याला नॉप्लियस म्हणतात, ते काहीच खात नाही. अंगातल्या बलकाच्या शिदोरीवर दीड-दोन दिवस काढते. शिदोरी संपली की ते पालटून झोइया होते, आणि मग त्याला भूक लागते. या झोइयाचे तोंड इतके बारीक की माणसाने दळलेले, वाटलेले काही त्यात जाणे कठीण. त्याला हवे असतात पाण्यात तरंगणारे डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय डायाटम, तेही ताजे आणि अखंड. 'स्केलेटोनेमा' नावाचा डायाटम वेगळा वाढवून फुजिनागांनी पिलांना घातला, तेव्हा कोठे ती तगली. या साऱ्या कामावरील त्यांचा प्रबंध १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. युद्ध चालू असलेल्या देशात एक मनुष्य कोळंबीच्या पिलांना काय भरवावे याचा विचार करीत होता, ही गोष्ट आम्हांस मोठी नवलाची वाटते.

बीजोत्पादन केंद्रातली एक रात्र आम्ही पाहिलेली आहे. अंडी बहुधा रात्रीच पडतात. काळ्या टाकीत एकच मादी. विजेरीच्या उजेडात तिचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकत होते. पाठीतून दिसणारी हिरवट अंडाशयाची पट्टी मध्यावर रुंदावली होती. ती तशी दिसली की आजची रात्र हे कामगार ओळखतात. मध्यरात्रीनंतर ती तळ सोडून संथपणे पोहू लागली आणि तिच्या तिसऱ्या पायांच्या मुळाशी धुक्यासारखे काहीतरी सुटू लागले. काही मिनिटांत सारे आटोपले. नराने दिलेले वीर्य तिच्या छातीखालच्या पिशवीत आधीपासूनच साठविलेले असते. अंडी सुटतानाच ते मिसळते. सकाळी मादी काढून घेतली. अंडे पाव मिलिमीटरहून थोडे मोठे; पेल्यात घेऊन उजेडात धरले तर धूळ उडते आहे असे वाटावे. बारा ते पंधरा तासांत ती फुटली.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस म्हणजे शुद्ध दाईपण. पाणी सुमारे २८ ते ३० अंश उष्ण, समुद्राइतके खारट, रात्रंदिवस हवा सोडलेले. नॉप्लियसची सहा रूपे, झोइयाची तीन, मायसिसची तीन. प्रत्येक रूपाची चाल निराळी. नॉप्लियस झटके देत पोहतो, झोइया सरळ पुढे जातो आणि शेपटीमागे विष्ठेचा लांब दोरा ओढतो. तो दोरा दिसला नाही तर पोट रिकामे आहे असे समजावयाचे. मायसिस डोके खाली करून उलटा, मागे मागे जातो. मग जी बारीकशी खरी कोळंबी होते तिला मांस लागते. येथे 'आर्टेमिया' नावाचा खारट सरोवरांतला सूक्ष्म प्राणी उपयोगी पडतो. त्याची अंडी वाळवून डब्यात वर्षानुवर्षे ठेवता येतात आणि खाऱ्या पाण्यात टाकली की दिवसाभरात जिवंत पिले मिळतात. अमेरिकेतल्या यूटाच्या खारट सरोवरातले हे डबे आमच्या आंध्र किनाऱ्यावरच्या शेडमध्ये पाहिले, तेव्हा स्वावलंबनाविषयी पुष्कळ विचार मनात आले. ते येथे नकोत.

हीच विद्या वाघी कोळंबीला लागू करण्याचे श्रेय तैवानच्या लियाओ इ-चिउ यांना आहे. १९६८ मध्ये तुंगकांगच्या सागरी प्रयोगशाळेत त्यांनी वाघी कोळंबीची पिले अंड्यापासून वाढविली. त्यानंतर तैवानात तळीच तळी झाली. १९८७ मध्ये त्या लहानशा बेटाचे उत्पादन ८० हजार टनांच्या आसपास किंवा वर गेले होते; पुढच्याच वर्षी ते जवळजवळ निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली कोसळले. दाटी फार, पाणी घाण, गोड्या पाण्यासाठी भूगर्भ उपसून जमीन खचलेली, आणि त्यात विषाणू. इतर देशांनी हा पडाव पाहिला. परंतु त्यातून धडा न घेता तंत्र तेवढे घेतले.

तंत्रातला एक भाग सांगताना आम्हांस जड जाते. अंडी भरलेली मादी समुद्रात हवी तेव्हा मिळत नाही. न भरलेली मिळते. टाकीत ठेवली तर वाघी कोळंबी महिनोन्महिने भरत नाही. यावर उपाय सापडला तो एका जुन्या निरीक्षणात. पानूझ या फ्रेंच संशोधकाने १९४३ मध्ये दाखविले होते की कोळंबीचा डोळ्याचा देठ कापला तर तिचे अंडाशय झपाट्याने वाढते. त्या देठात एक ग्रंथी असते. ती अंडाशयाला आवरून धरणारा स्राव सोडते. आवरणारा गेला की अंडाशय मोकाट सुटते. १९७० नंतर फिलिपाइन्समधल्या तिगबावान येथील केंद्रात आणि अन्यत्र हा प्रयोग वाघी कोळंबीवर झाला आणि जगभर रूढ झाला. एकच डोळा चिमटून टाकतात. दोन्ही काढले तर ती जगत नाही. आठवडाभरात मादी भरते, अंडी घालते, पुन्हा भरते. पुढे पुढे अंडी निकस होत जातात आणि मादी झिजून मरते. ही युक्ती शास्त्रीयदृष्ट्या फार हुशारीची आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तिने एक तोटा केला : मादी आपण होऊन का भरत नाही, हा मूळ प्रश्न विचारण्याची निकड संपली. डोळा कापून काम भागत असता तिचे अन्न, उजेड, पाणी, जोडीदार यांच्या नादी कोण लागतो?

आपल्या देशात केरळातल्या नारक्कल येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७० नंतर पांढऱ्या कोळंबीचे बीज काढण्याचे चांगले काम केले. १९८७ मध्ये मद्रासला निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेतीची स्वतंत्र केंद्रीय संस्था निघाली. १९८९ च्या सुमारास विशाखापट्टण आणि ओरिसातले गोपाळपूर येथे वाघी कोळंबीची मोठी बीजोत्पादन केंद्रे उभी राहिली आणि त्यांच्यामागून खाजगी केंद्रांची रांग लागली. त्यापूर्वी बीज कोठून येई? सुंदरबनात बायका आणि मुले कमरेएवढ्या पाण्यात बारीक जाळे ओढीत हिंडत; त्यात सापडलेल्या वाघी पिलांचे पैसे मिळत आणि बरोबर आलेली इतर माशांची, खेकड्यांची शेकड्यांनी पिले काठावर टाकून दिली जात. कारखान्यातल्या बीजाने हा संहार कमी होण्यास मदत केली, हे त्याच्या जमेस धरले पाहिजे. परंतु बीज कारखान्यात तयार होऊ लागले तरी त्याची आई समुद्रातलीच होती. विशाखापट्टण-काकिनाड्याच्या बंदरांत ट्रॉलरवरून जिवंत उतरलेल्या एका मादीला हजारो रुपये भाव येऊ लागला. सोन्याच्या भावाने घेतलेल्या त्या आईच्या अंगात काय आहे हे कोणी पाहत नव्हते. पाहण्याचे साधनही तेव्हा हाताशी नव्हते.

१९९४ च्या अखेरीस ते कळले. पूर्व चीन आणि तैवानकडून १९९२-९३ पासून पसरत आलेला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आंध्र-तामिळनाडूच्या तळ्यांत उतरला. कवचाच्या आतून तांदळाच्या कणीएवढे पांढरे डाग. कोळंबी खाणे सोडते, काठाशी येते, आणि तीन ते दहा दिवसांत तळे रिकामे. माणसाला या विषाणूपासून काही धोका नाही. कोळंबीला मात्र त्यावर औषध नाही. आपल्या रक्तात जशी एकदा आलेल्या रोगाची आठवण ठेवणारी प्रतिद्रव्ये तयार होतात तशी कवचधारी प्राण्यांत होत नाहीत. म्हणून देवीच्या लसीसारखी लसही नाही. एका शेतकऱ्याचे तळे बसले की तो ते पाणी कालव्यात सोडी. शेजारी त्याच कालव्यातून भरतीला पाणी उचली. कर्ज काढून तळी खणणारे, सासुरवाडीचे दागिने गहाण ठेवणारे पुष्कळ जण त्या दोन वर्षांत बुडाले. आणि ज्यांनी कोळंबी कधी घातली नव्हती त्यांच्या विहिरी नि भातखाचरे खारावली होती, ती तशीच राहिली. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परंपरागत पद्धती वगळता किनारपट्टीच्या नियंत्रित क्षेत्रातील कोळंबीची तळी काढून टाकण्याचा निकाल दिला. पुढे २००५ मध्ये कायदा करून या शेतीसाठी प्राधिकरण नेमले गेले.

रोगाचा माग काढताना शास्त्रज्ञ पुन्हा त्या आईपाशी येऊन पोहोचले. विषाणू खेकड्यांतून, पाण्यातून येतो तसा मादीकडून पिलांकडेही येतो, आणि मादी वरून धडधाकट दिसते. मग विषाणूचा अंश लाखो पटींनी वाढवून ओळखणारी 'पीसीआर' ही परीक्षा केंद्रांत आली. तिचा उपयोग मोठा आहे, परंतु मर्यादा समजून घ्यावी. एका टाकीत दहा लाख पिले. साऱ्यांना चिरडून पाहता येत नाही. दीडशे पिले तपासली आणि निर्दोष निघाली, तर इतकेच म्हणता येते की शंभरात दोन किंवा अधिक पिले रोगी असण्याचा संभव फार थोडा. शंभरात एक असेल तर? दहा लाखांत ती दहा हजार झाली. ती शिकस्तीने तपासलेली पिशवी तळ्यात ओतली, पाऊस पडून पाणी अचानक गार झाले, की दहा हजारांचे काम सुरू होते. परीक्षा हा दाराशी बसविलेला पहारेकरी आहे. घरातच चोर असेल तर तो काय करणार?

चोर घरात नसावा याचा एकच मार्ग : आई समुद्रातून आणावयाचीच नाही. स्वच्छ घरात, पिढ्यान् पिढ्या, प्रत्येक पिढी तपासून वाढवावयाची. ही गोष्ट अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या 'व्हानामेइ' या जातीने सिद्ध केली होती. हवाई बेटांत १९८९ नंतर तिचे ठराविक रोगांपासून मुक्त असे वंश तयार झाले. येथे एक गैरसमज काढून टाकावा. 'रोगमुक्त' म्हणजे 'रोगाला न बधणारी' नव्हे. ती स्वच्छ आहे एवढेच; घाण तळ्यात टाकली तर तीही मरते. व्हानामेइ माणसाच्या घरात लवकर रुळली याला कारणे आहेत. तिची मादी कडक कवचातही नराला जवळ येऊ देते. वाघी मादीने कात टाकली आणि कवच मऊ आहे तेवढ्याच वेळात नराचे वीर्य तिला मिळते. ती वेळ हुकली तर पुढच्या कातेपर्यंत थांबा. व्हानामेइ तळावरच न बसता पाण्याच्या मधल्या थरातही वावरते, म्हणून दाट ठेवता येते. खाण्यात प्रथिने कमी असली तरी चालते. २००९ मध्ये आपल्या सरकारने तिला आणण्याची परवानगी दिली, चेन्नईजवळ नीलंकरै येथे आयात माद्यांना वेगळे ठेवण्याची सोय केली, दर चौरस मीटरला ६० पिलांची मर्यादा घातली. थोड्याच वर्षांत भारताच्या तळ्यांतून वाघी कोळंबी जवळजवळ हद्दपार झाली. लोक म्हणतात, परकी जात आली आणि तिने देशीला हाकलले. आम्हांस हे पटत नाही. पाळीव जात आली आणि रानटी मागे पडली, एवढेच खरे.

मग वाघी कोळंबी पाळीव होऊच शकत नाही काय? होते, पण हे काम संथ आहे. पिढी पुरी व्हावयास वर्षाच्या वर लागते, कारण मादी अंगाने पुष्कळ भरल्याखेरीज चांगली अंडी देत नाही. तळ्यात वाढलेल्या नरांचे वीर्य कमी प्रतीचे निघते. म्हणून दहा पिढ्या म्हणजे संशोधकाच्या नोकरीचे निम्मे आयुष्य. तरीही ऑस्ट्रेलियात तेथील राष्ट्रीय संशोधन संस्थेने हे केले. मादागास्करमध्ये एका व्यापारी शेतीने केले. हवाई बेटांत रोगमुक्त वंश निघाले. आपल्याकडे अंदमानात कोडियाघाट येथे त्याचसाठी केंद्र काढले गेले, आणि अलीकडे रोगमुक्त वाघी माद्यांपासून काढलेले बीज आंध्र-गुजरातच्या तळ्यांत पुन्हा जाऊ लागले आहे. चेन्नईची संस्था आपल्या पांढऱ्या कोळंबीवर निवडीचे काम करीत आहे. हे काम १९७५ साली का सुरू झाले नाही, असे विचारणे आज सोपे आहे. त्या काळी समुद्रात माद्या होत्या आणि डोळा कापता येत होता, हेच उत्तर आमच्या मते खरे आहे.

आता आपल्या कोकणाविषयी थोडे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाड्या आहेत, खाजणे आहेत. परंतु आपल्याकडे चार महिने अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि खाडीचे पाणी गोडे होऊन जाते. वाघी कोळंबी कमी खारटपणा सोसते. एका रात्रीत झालेला पालट सोसत नाही. शिवाय तिवरांखालची काळी माती उघडी पडली की तिच्यातला गंधक आंबतो आणि पाणी आम्ल होते. चुना टाकटाकून शेतकरी थकतो. म्हणून तिवरे तोडून तळी खणण्याचा मोह धरू नये. त्यात तिवरेही जातात आणि तळेही साधत नाही.

ज्यांची मूळची खाजणे आहेत आणि ज्यांना त्यांत बीज सोडावयाचे आहे, त्यांनी बीज घेताना एक गोष्ट स्वतः करून पाहावी. गोल टोपल्यात केंद्रातलेच पाणी घ्यावे, त्यात शे-दोनशे पिले सोडावी आणि हाताने पाणी गोल फिरवावे. निरोगी पिले प्रवाहाच्या उलट तोंड करून कडेला चिकटून राहतात. अशक्त असतात ती मध्यभागी गोळा होतात. मध्यभागी पुष्कळ जमली तर ती टाकी नको म्हणावे. कडेला राहिली तरी लगेच पैसे मोजू नयेत. त्यांची आई कोठली, टाकीतली की ट्रॉलरवरची, हे विचारावे, आणि तिच्या तपासणीचा कागद पाहावयास मागावा.